हरिपूर, डिसेंबरची सगळ्यात लांब रात्र

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी
गेली सहा वर्षं आडवी रेघ मारते.
बँकेतला कारकून रेघेकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग 'चौगुले' वाचून स्वतःच काहीतरी भरतो.
माझी हरकत नसते. त्यालाही सहाला घरी जायचं असतं.

आई विचारते, पेगन म्हणजे तुम्हाला सुट्टी कधी?

आम्ही पाच जण. इर्शाद आला तर.
तो मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे वाळवतो
आणि कापायच्या आधी भोपळ्याला विचारतो, कापू का.
झेलम रक्तपेढीत. प्रदोष आवटी आयटीआयला वेल्डिंग शिकवतो.
सुलभाताई आल्या होत्या त्या मुलीवर लक्ष ठेवायला.
मुलगी पुण्याला गेली.
त्या येत राहिल्या.

संगमाच्या खालच्या अंगाला बसलो,
जिथं वारणा कृष्णेत शिरते आणि आवाजसुद्धा करत नाही.
प्रदोषनं मोबाइलवर काहीतरी लिहून आणलं होतं,
चार्जिंग संपलं.
स्टोव्ह पेटेना. शेवटी सुलभाताईंच्या अंबाड्यातली पिन.
वरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या,
त्याचं गाणं पाण्यावरून आम्हाला दोनदा ऐकू आलं.

झेलम म्हणाली, ए निगेटिव्हची एकच पिशवी उरलीय.
सुलभाताईंनी गुडघा सांगितला.
इर्शादचे अब्बा गेल्या ईदपासून बोलत नाहीत.
हे असलं सगळं विस्तवापुढं ठेवायचं, एवढीच आमची रीत.
प्रदोष काही ठेवत नाही. तो बिस्किटं ठेवतो.

मग बॅटरीचा उजेड, थेट तोंडावर.
"कोण हाय रं तिकडं? प्यायला बसलाय काय?"
"चहा आहे, मामा."
"च्या प्यायला एवढ्या लांब?"

दादू कोष्टी. सत्तरी कधीच ओलांडलेले.
आम्ही सांगितलं, आज रात्र लांब आहे,
सूर्याला सोबत म्हणून बसलोय.
ते हसले नाहीत.
पेगन म्हटलं, त्यांना 'पेवगण' ऐकू आलं.
"म्हंजे आमच्यातलंच की," म्हणाले
आणि गुडघ्यावर हात देत टेकले.

या मातीखाली पेवं होती.
आत हळद, तोंड लिंपून बंद,
दोन-दोन वर्षं किडा शिवायचा नाही.
उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आतली हवा माणसाला खाते.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला तर वर थांबायचं. एक बिडी. पुन्हा सोडायचा.
"आणि नाही विझला तर?"
"तर म्या उतरायचो."
"खाली काय असायचं?"
"काय असणार? पिवळंच. डोळं मिटलं तरी पिवळं."

सुलभाताईंनी विचारलं, भीती?
"वर दोरीला सरदार मुल्लाणी असायचा.
दमा हुता त्येला. खोकायचा लई.
पर दोरी ढिली पडली न्हाई कधी."

पुरात पेवं गेली. सरदार त्याच्याही आधी.

स्टोव्हचा आवाज तेवढा येत राहिला.
इर्शादनं फोन काढला, नंबर लावला,
दोनदा वाजू दिला, कट केला.
थोड्या वेळानं पुन्हा लावला.
आम्ही नदीकडं बघत होतो.

सकाळी धुकं. सूर्य दिसलाच नाही.
पलीकडचा काठ आपोआप पांढरा झाला, तेवढंच.
झेलमची आठची ड्यूटी, ती न बोलता गाडीला किक मारत होती.
दादू सुलभाताईंच्या पिशवीला डोकं टेकून झोपलेले.
उठले, खिसे चाचपले,
तंबाखूच्या पुडीतून एक हळकुंड काढून
माझ्या हातावर ठेवलं.
पेवातलं का, विचारायचं राहून गेलं.

घरी आई म्हणाली, केसांना रॉकेलचा वास येतोय.
मग हळकुंड उलटसुलट करून बघितलं,
नखानं टोकरलं.
"कुठलं हे? आमटीत घालू?"

घाल, म्हटलं.
तिनं किसणी घेतली.